गॅलरीत हजार लिटरची टाकी ठेवण्याआधी वजनाचा हिशोब करा

मागच्या आठवड्यात डोंबिवलीहून धाकट्या मामाचा फोन आला. "अगं, पाच दिवसांत जवळजवळ चाळीस मासे गेले. कोणाची दृष्ट लागली कळत नाही." दृष्ट वगैरे काही नव्हती. सोसायटीच्या ग्रुपवर आलेला एक मेसेज त्याने खरा मानला होता आणि त्यात लिहिलंय तसं जवळजवळ सगळं केलं होतं.

तो मेसेज तुमच्याकडेही आला असेल. थोडक्यात असा: गॅलरीत कठड्याला लागून हजार लिटरची टाकी ठेवा, म्हणजे ऊन मिळेल. त्यात थाई मांगूर जातीचे मासे सोडा, त्यांना हवेचा पंपही लागत नाही. माशांच्याच पाण्यावर वर पाइपांत भाजी लावा. एका दिवसात सगळं सुरू. खत नको, पाणी बदलायला नको, चौघांची भाजी घरची आणि वर महिन्याला पन्नास हजारांचे मासे.

मी स्वतः चार वर्षं गॅलरीत मासे आणि भाजी एकत्र वाढवतेय. हा प्रकार मला मनापासून आवडतो, आणि म्हणूनच या मेसेजचा इतका राग येतो.

सगळ्यात आधी टाकी. बाकीचं चुकलं तर मासे मरतील, हे चुकलं तर माणसं मरतील. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, म्हणजे हजार लिटर म्हणजे एक टन. मामाने आणलेली काळी गोल टाकी साधारण एक चौरस मीटर जागा अडवते. इमारतीवर किती भार धरायचा हे सांगणारं भारतीय मानक आहे, आयएस ८७५. त्याच्या १९८७ च्या दुसऱ्या भागात राहत्या घरांच्या बाल्कनीसाठी चौरस मीटरला तीन किलोन्यूटन, म्हणजे सुमारे तीनशे किलो भार धरलेला आहे. राहत्या खोल्यांसाठी तर दोनशेच. मेसेज सांगतो त्या टाकीने चौरस मीटरवर हजार किलो येतात. तिपटीहून जास्त! एका चटईएवढ्या जागेत पंधरा माणसं रात्रंदिवस उभी आहेत असं समजा. आणि ती टाकी ठेवायची कुठे, तर कठड्याला लागून. बहुतेक गॅलऱ्या भिंतीतून बाहेर काढलेल्या असतात, खाली खांब नसतो. वजन भिंतीपासून जितकं लांब, तितका मुळाशी ताण जास्त. म्हणजे उन्हाच्या नावाखाली नेमकी सगळ्यात वाईट जागा सुचवली आहे.

मामा म्हणाला, "अगं, गच्चीवर तर कितीतरी हजार लिटरची टाकी आहे, इमारत पडली का?" नाही पडली, कारण ती टाकी धरून इंजिनिअरने खांब आणि तुळया काढल्या होत्या. तुझी गॅलरी कपडे वाळत घालायला आणि संध्याकाळी दोन खुर्च्या टाकून बसायला काढली होती. मामाची इमारत तीस वर्षांची आहे. गॅलरीच्या खालच्या बाजूला प्लास्टर सुटून गंजलेली सळई दिसते. त्याच्या बरोबर खाली दुसऱ्या मजल्यावरच्या काकू रोज दुपारी त्यांच्या गॅलरीत भाजी निवडत बसतात. मी पोचले तेव्हा टाकीत तीनशे लिटर पाणी होतं आणि रविवारी ती काठोकाठ भरायचा बेत होता. ते ऐकून माझे हातपाय गार पडले.

आता ‘एका दिवसात सुरू’. मामाला मांगूर मिळालं नाही, त्याने रोहूची साठ बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आणली. पाणी दोन दिवस उघडं ठेवून क्लोरीन जाऊ दिलं, एवढं त्याने बरोबर केलं. पण मग दिवसातून तीनदा मूठभर खाद्य. मी गेले तेव्हा उरलेली पिल्लं पाण्याच्या पृष्ठभागावर तोंडं उघडझाप करत होती, कल्ले लालभडक झालेले, आणि तळाशी न खाल्लेल्या खाद्याचा पांढरट थर. मी सोबत नेलेल्या पाणी तपासायच्या किटमधले थेंब नळीतल्या पाण्यात टाकले. अमोनिया नसेल तर रंग पिवळा राहतो. तो गर्द हिरवा झाला.

इथे नेमकं काय घडतं ते मेसेज लिहिणाऱ्याला माहीतच नाही. माशाच्या विष्ठेतून झाड थेट जेवत नाही. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो आणि तो त्याच्यासाठीच विष असतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते झाडाला हवं असतं आणि माशाला फारसं बाधत नाही. हे जिवाणू खडीवर, पाइपांच्या आतल्या बाजूला, टाकीच्या भिंतीवर हळूहळू वस्ती करतात. त्याला चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत जास्तच. तोवर मासे नाहीत, किंवा अगदी मोजके आणि चिमूटभर खाद्य. मामाच्या टाकीत झाडं होती, पंप होता, फक्त ते जिवाणू नव्हते.

थाई मांगूर. हा सल्ला देणाऱ्याने निदान बातम्या तरी वाचायच्या होत्या. या माशाच्या संवर्धनावर केंद्र सरकारने २००० सालीच बंदी घातली, पुढे हरित लवादानेही ती उचलून धरली आणि आपल्या राज्यात मत्स्यव्यवसाय विभागाने मांगुराची तळी नष्ट केली. हा मासा हवेतून श्वास घेतो म्हणून घाण पाण्यातही जगतो, ‘पंप लागत नाही’ ते त्यामुळे. पण तो खादाड मांसाहारी आहे, नाल्यातून नदीत गेला तर देशी मासे फस्त करतो. आपला देशी मागूर वेगळा. बाजारात दोघांची गल्लत करून विकतात, तेव्हा नावावर जाऊ नका.

पन्नास हजारांचं गणित मी मामासमोर वहीत मांडलं. यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचं २०१४ चं एक जाडजूड पुस्तक आहे, छोट्या प्रमाणावर मासे आणि भाजी एकत्र वाढवण्यावर. माझी चार वर्षं त्याच्याच आधाराने चालली आहेत. त्यात हजार लिटरला दहा ते वीस किलो मासे असं प्रमाण दिलंय. वीस किलो धरू, किलोला दोनशे रुपये धरू. चार हजार रुपये, तेही सगळे मासे जगून विकण्याजोगे झाले तर, आणि त्याला महिन्यांमागून महिने जातात. त्यातून खाद्य वजा करा: किलोभर मासा वाढवायला साधारण दीड किलो खाद्य लागतं. वर पंपाची वीज. महिन्याला पन्नास हजार हा आकडा कुठून आणला, ते लिहिणाऱ्यानेच सांगावं.

चौघांची भाजीही त्याच हिशोबात बसत नाही. पालेभाजीच्या एका चौरस मीटर वाफ्याला रोज चाळीस ते पन्नास ग्रॅम खाद्य माशांना जायला हवं, असं तेच पुस्तक सांगतं. त्यासाठी अंदाजे तीन-चार किलो मासे, म्हणजे दोनशे-तीनशे लिटर पाणी. एवढं सगळं सांभाळून चौरस मीटरमध्ये लेट्यूससारखी वीस-पंचवीस रोपं, ती तयार व्हायला महिनाभर. आठवड्याला पाच-सहा गड्डे. टोमॅटो-वांगी तर चौरस मीटरला चारच.

खत लागत नाही, हे अर्धं खरं आहे, ते मान्य करते. नायट्रोजन माशांकडून मिळतो. पण लोह, पोटॅश आणि कॅल्शियम माशांच्या खाद्यातून पुरेसं येत नाही. माझा पालक दुसऱ्या वर्षी शिरा हिरव्या आणि पान पिवळं असा झाला होता, चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज शोषता येईल असं लोह, घातल्यावर नवी पानं सुधारली. पाण्याचंही तसंच: मातीतल्या शेतीपेक्षा पाणी फारच कमी लागतं, हे खरंच. पण उडालेलं पाणी रोज भरावं लागतं आणि गाळ काढावाच लागतो. वीज गेली की हवेचा पंप बंद, म्हणून बॅटरीवरचा छोटा पंप घरात हवाच.

मामाची काळी टाकी आता खाली पार्किंगमध्ये उलटी घातली आहे. उरलेली एकवीस पिल्लं ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या शेततळ्यात सोडली, रोहूची जागा तीच. मामाला मी शंभर लिटरचा पसरट टब घ्यायला लावला, तोही सोसायटीच्या इंजिनिअरला गॅलरी दाखवून, घराच्या भिंतीला टेकवून. रोपांच्या मुळांना आधाराला खडीऐवजी भाजलेल्या मातीच्या हलक्या गोळ्या, कारण खडीचं वजन पाण्याहूनही जास्त. सध्या त्यात मासे नाहीत, जिवाणूंची वाट बघणं चाललंय. पुदिना मात्र लावून झाला.

तुम्ही मेसेज वाचून गॅलरीत मोठी टाकी आधीच भरली असेल, तर ती आजच रिकामी करा. बादल्यांनी पाणी काढून न्हाणीघरात ओता, कठड्यावरून खाली सोडू नका. मग खालच्या मजल्यावर जा, त्यांना काय झालं ते सांगा आणि त्यांच्या गॅलरीच्या छताला नवी चीर पडली आहे का ते दोघांनी मिळून बघा.