‘पकड घट्ट, तर प्रतिकारशक्ती दणकट’: टी पेशींबद्दलच्या एका फॉरवर्डची झडती

टी पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या रक्तपेशी) आणि त्या जिथे परिपक्व होतात ती थायमस ग्रंथी यांच्यावर फिरणाऱ्या मजकुराचा सारांश असा: ‘टी पेशीवर कुलूप असतं आणि जंतू ही त्याची किल्ली. एका पेशीला एकच जंतू ओळखता येतो. थायमसमध्ये पेशींना शत्रू ओळखायला शिकवतात. किल्ली जितकी घट्ट बसेल तितका हल्ला जोरदार. म्हणून रोज छातीच्या मधोमध बोटांनी थोपटा, थायमस जागा होतो.’ शेवटचं वाक्य सोडलं तर बाकी सगळं पाठ्यपुस्तकातून उतरवल्यासारखं वाटतं. पंचाईत तिथेच आहे.

‘जंतू थेट कुलपात बसतो.’
अख्खा विषाणू पकडते ती अँटिबॉडी. टी पेशीवरचं ‘कुलूप’ म्हणजे तिचा रिसेप्टर, आणि नेहमीच्या पेशीत तो अल्फा आणि बीटा या दोन साखळ्यांचा असतो. त्याला दिसतो तो प्रथिनाचा एक तुकडा, आणि तोही एमएचसी (पेशीच्या पृष्ठभागावर असे तुकडे मांडणारा रेणू) याच्या खोबणीत मांडलेला असेल तरच. पहिल्या वर्गाच्या एमएचसीत हा तुकडा साधारण ८ ते १० अमिनो आम्लांचा असतो. दुसऱ्या वर्गाची खोबण दोन्ही टोकांना उघडी, म्हणून तिथे तो बराच लांब असतो. विषाणूग्रस्त पेशीवर आपल्या ओळखीचा एमएचसी नसेल तर मारेकरी टी पेशी तिला हात लावत नाही, हे झिंकरनागेल आणि डोहर्टी यांनी १९७४ मध्ये दाखवलं. त्याबद्दल १९९६ चं नोबेल त्यांना मिळालं.

त्याच १९९६ मध्ये रिसेप्टर आणि तुकडा धरलेला एमएचसी या जोडीच्या पहिल्या स्फटिकरचना (रेणूंच्या आकाराचे नकाशे) प्रसिद्ध झाल्या. रिसेप्टर खोबणीवर तिरपा टेकतो. त्याच्या दोन्ही साखळ्यांना टोकाशी तीन-तीन वेटोळी असतात, त्यांना सीडीआर म्हणतात. सीडीआर-१ आणि सीडीआर-२ बहुतेक करून एमएचसीच्या कडांना लागतात, तर मधलं सीडीआर-३ तुकड्यावर येतं. पहिली दोन जनुकात लिहिलेली असतात तशीच उतरतात. सीडीआर-३ मात्र जनुकाचे सुटे खंड जोडले जातात त्या सांध्यावर घडतं. तिथे रॅग एन्झाइमं डीएनए कापतात आणि टीडीटी एन्झाइम साच्याशिवाय, मनाला येतील ती अक्षरं घुसडतं. विविधतेचा मोठा वाटा या सांध्यावरचा.

‘एका पेशीला एकच जंतू.’
हिशेब करून बघा. २० प्रकारची अमिनो आम्लं घेऊन ९ जागांचे तुकडे होतात ५१,२०० कोटी. त्यातला शंभरात एकच एखाद्या एमएचसीत बसतो असं धरलं, तरी ५१२ कोटी उरतात. माणसातल्या वेगवेगळ्या रिसेप्टरांचे बरेचसे अंदाज कोटींच्या घरात आहेत. एका रिसेप्टरने अनेक तुकडे चालवून घेतले नाहीत, तर संरक्षणाला भगदाडं पडतील.

‘थायमस शिकवतो.’
शिकवत नाही, चाळतो. रिसेप्टर आधीच ठरलेला असतो. आधी बीटा साखळी बनते आणि प्री-टी-अल्फा नावाच्या तात्पुरत्या जोडीदारासोबत तिची चाचणी होते. ती जमली तरच अल्फाची जुळणी सुरू होते. मग सीडी४ आणि सीडी८ (एमएचसीला धरणारे टी पेशीवरचे सहायक रेणू) दोन्ही मिरवणारी पेशी शरीराच्याच तुकड्यांसमोर उभी राहते. काहीच संकेत मिळाला नाही तर मरण, आणि बहुतेक पेशी अशाच जातात. हलका संकेत मिळाला तर जगते. फार जोराचा मिळाला तर तिला संपवलं जातं किंवा ती नियामक, म्हणजे इतरांना आवरणारी पेशी होते.

हा काटा किती नाजूक आहे ते ओटी-१ नावाच्या, टी पेशींत एकच ठरावीक रिसेप्टर घातलेल्या उंदरांत दिसतं. त्यांच्या टी पेशी अंड्यातल्या ओव्हाल्ब्युमिनचा ८ अमिनो आम्लांचा एक तुकडा ओळखतात. प्रयोगशाळेत त्याला ‘सिनफेकल’ म्हणतात. मूळ तुकडा विकसनशील पेशींना मारतो. त्यातलं पहिलं अमिनो आम्ल, सेरीन, काढून ग्लुटामिक आम्ल घातलं की तोच तुकडा थायमसमध्ये पेशींना तगवतो आणि प्रौढ पेशींचा प्रतिसाद उलट दाबतो.

‘घट्ट तितका जोरदार.’
सगळ्यात जास्त नुकसान करणारा दावा हाच. पकड मोलरमध्ये मोजतात; आकडा जितका लहान तितकी ती घट्ट. चांगली अँटिबॉडी नॅनोमोलर ताकदीने धरते. नैसर्गिक टी रिसेप्टरची पकड साधारण १ ते १०० मायक्रोमोलर, म्हणजे हजारो पटींनी सैल, आणि स्पर्श बहुधा काही सेकंदांचा. पेशीच्या आत रिसेप्टरची शेपटी जेमतेम काही अमिनो आम्लांची असल्याने तो स्वतः निरोप देऊच शकत नाही. ते काम सोबतच्या सीडी३ साखळ्यांचं. त्यांच्यावर मिळून १० आयटॅम (फॉस्फेट चढवण्याचे ठरावीक पट्टे) असतात. एलसीके हे एन्झाइम त्यांच्यावर फॉस्फेट चढवतं, मग झॅप-७० हे दुसरं एन्झाइम येऊन बसतं, आणि पुढे लॅट हे प्रथिन निरोप नेतं. स्पर्श मध्येच सुटला तर चढलेले फॉस्फेट उतरतात. म्हणून अमुक काळ टिकणं महत्त्वाचं.

कोनही तितकाच महत्त्वाचा. इन्फ्लुएन्झाच्या एका तुकड्यावर उलट्या दिशेने बसणारे उंदरांतले रिसेप्टर २०२१ मध्ये तपासले गेले. ते चिकटत होते, पण संकेत नीट जात नव्हता, कारण सीडी८सोबतचा एलसीके सीडी३ला हवा तसा भिडत नव्हता. ठरावीक तुकडा ओळखणाऱ्या पेशी शोधणारी टेट्रामर चाचणी वाचताना हे विसरू नये. सुटा एमएचसी धुताना निघून जातो, म्हणून बायोटिन लावलेले चार एमएचसी, बायोटिनला घट्ट धरणाऱ्या आणि चमकणारा रंग लावलेल्या एका स्ट्रेप्टॅव्हिडिन प्रथिनावर बसवतात. पेशी चमकली म्हणजे चिकटली, इतकंच. ती काम करते की नाही ते सायटोकाइन (पेशी सोडते ती निरोप्या प्रथिनं) मोजून वेगळं पाहावं लागतं. उलट, सैल पकडीच्या कामसू पेशी कधी कधी चमकतच नाहीत.

आणि कृत्रिमरीत्या पकड वाढवली तर? मेज-ए३ या कर्करोग-प्रथिनाविरुद्ध बनवलेल्या अशा रिसेप्टरच्या चाचणीत दोन रुग्ण हृदय निकामी होऊन दगावले. २०१३ मध्ये त्याचा अहवाल आला. हृदयाच्या स्नायूतल्या टायटिन प्रथिनाचा तुकडा लक्ष्याशी ९ पैकी फक्त ५ जागी जुळत होता. आधीच्या तपासण्यांत हे निसटलं, कारण नेहमीच्या हृदयपेशी-संवर्धनात टायटिन पुरेसं बनतच नव्हतं. मूलपेशींपासून वाढवलेल्या, धडधडणाऱ्या पेशी वापरल्यावर हल्ला दिसला.

संकेत कमी पडला तर पेशी नुसत्या मवाळ होतात, असंही नाही. एसकेजी नावाच्या उंदरांत झॅप-७० मधल्या एका बदलाने संकेत मंदावतो. थायमसमध्ये मरायला हव्या होत्या त्या पेशी सुटतात आणि संधिवात होतो.

‘छातीवर थोपटा.’
थायमस छातीच्या मधल्या हाडामागे असतो, एवढंच यात बरोबर आहे. वयात आल्यावर तो आक्रसत जातो आणि त्याची जागा चरबी घेते. हाडावरच्या टिचक्यांनी जनुकखंडांची जुळणी वाढत नाही. ‘मग माझ्या रक्ततपासणीत सीडी४ पेशींचा आकडा चांगला कसा?’ हा प्रश्न यावर हमखास येतो. तो आकडा डोकी मोजतो, रिसेप्टर नाही. उतारवयात जुन्याच पेशी दुणावून संख्या बऱ्यापैकी टिकवतात, आणि अहवालात काहीही न दिसता रिसेप्टरांची विविधता घटत जाते.