पाच मिनिटं गप्प बसायचं

आम्ही चाकरमानी हल्ली मुंबईहून गावी जाताना म्हाताऱ्यांसाठी खाऊऐवजी यंत्रं नेतो. प्रेशरचं मशीन, शुगरचं मशीन, बोटाला लावायचा चिमटा. यंत्रं चांगली असतात, मी त्यांच्याच बाजूचा. पण ती बनवणाऱ्याने कोकणातलं खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, पाहिलेलं नसतं, हे माझं ठाम मत आहे.

प्रेशर घेण्याआधी पाच मिनिटं शांत बसायचं. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, पायावर पाय नाही, हात टेबलावर छातीच्या उंचीला. अर्धा तास आधी चहा-तंबाखू नाही आणि लघवीला जाऊन यायचं. देवगडकडच्या आजीला यातलं शेवटचं तेवढं मान्य असतं. खुर्चीतसुद्धा ती मांडी घालूनच बसते.

पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या खळीच्या दोन बोटं वर. पोलक्याची घट्ट बाही नुसती वर सारली तर तिचाच दोरखंड होतो, हात बाहीतून काढलेलाच बरा. सोबत येणारा पट्टा बहुधा 22 ते 32 सेंटिमीटर दंडाचा असतो. जन्मभर जाळी ओढलेल्या आजोबांचा दंड 34 भरला, तर तोच पट्टा प्रेशर उगाच वाढवून दाखवतो. मोठा पट्टा वेगळा मागवावा लागतो.

तरी खरी अडचण गप्प बसण्याचीच. धमनीच्या ठोक्यांनी पट्ट्यातल्या हवेला बसणारे बारीक हेलकावे हे मशीन मोजतं. हात हलला की ते गोंधळतं, आणि तोंड चाललं की वरचा आकडा सहज दहाने चढतो. पट्टा फुगायला आणि बेड्यापाशी, म्हणजे कुंपणाच्या फाटकापाशी, मासेवाली यायला एकच मुहूर्त. "बांगडे कशे दिलंस गो?" झालं, 138 चे 150. त्यात बांगड्यांचा भाव धरलेला असतो. म्हणून एक मिनिट थांबून पुन्हा घ्यायचं आणि दोन्ही आकडे लिहायचे. मशीन चालूच होत नसेल तर आधी भिंतीवरचं घड्याळ बघावं. पेन्सिल सेल तिकडे गेलेले असतात.

शुगरची तऱ्हा मे महिन्यात कळते. हापूस कापलेल्या किंवा फणसाचे गरे काढलेल्या बोटाला सुई टोचली, तर रक्तासोबत फळाची साखरही मोजली जाते. आकडा 300 च्या पुढे, मुंबईत रडारड, आजी मात्र ठणठणीत: "माका काय्येक झाला नाय." सॅनिटायझर किंवा स्पिरिटच्या बोळ्याने भागत नाही. साबणाने हात धुवायचे, पूर्ण कोरडे करायचे आणि बोटाच्या कडेला टोचायचं, मधोमध नाही; तिथे दुखतं. पावसाळ्यात शुगर मोजायच्या पट्ट्यांची डबी उघडी राहिली की दमटपणाने पट्ट्या बाद. त्या फ्रिजमध्येही ठेवायच्या नाहीत आणि चुलीवरच्या फळीवरही नाहीत. पट्टी काढली की लगेच झाकण.

म्हाताऱ्यांवर लांबून लक्ष ठेवायला लावलेल्या कॅमेऱ्याबद्दल काय बोलायचं? चिऱ्याच्या दोन भिंतींपलीकडे वायफाय पोचत नाही आणि वळवाचा गडगडाट सुरू झाला की राउटरची पिन काढून ठेवायची असते. म्हणजे काळजी वाटते नेमकी त्याच रात्री कॅमेरा बंद.

त्यापेक्षा प्रेशरचे आकडे आपोआप फोनवर पाठवणारं मशीन बरं. त्यात दोन माणसांच्या नोंदी वेगळ्या राहतात, आजीची एक नंबरवर, आजोबांची दोनवर. पण मशीन आल्याचं वाडीला कळलं की संध्याकाळी खळ्यात रांग लागते. तिकडे मुंबईत मुलगा आलेख बघतो: सकाळी 142, दुपारी 108, संध्याकाळी 176. डॉक्टरही चक्रावतात. खरं तर शेजाऱ्यांसाठी काही मशीनमध्ये पाहुण्यांचं वेगळं बटण असतं, ते दाबलं की नोंद राहत नाही. आजीला ते फोनवरून नीट समजावून सांगितलं तरी ती दाबत नाही.

"शेजारची काकी खयची पावणी? घरचीच मा ती!"