दुपारची झोप कापून रात्रीची झोप मिळत नाही

"दिवसा झोपू देऊ नका, म्हणजे रात्री डाराडूर झोपेल." लहान मूल असलेल्या घरात हा सल्ला हमखास मिळतो. सल्ला देणारा रात्री आपल्या घरी जाऊन शांत झोपतो आणि जागरण आईबाबांच्या वाट्याला येतं.

जास्त दमलेलं मूल पटकन झोपत नाही. उलट ते चेकाळतं. धावतं, किंचाळतं, विनाकारण हसतं, मग क्षुल्लक गोष्टीवरून रडून आकांत करतं. बघणाऱ्याला वाटतं, किती उत्साह आहे, हे कुठलं आता झोपायला! झोपेची वेळ निघून गेल्याची ती खूण असते. तान्ह्या बाळाच्या खुणा याहून बारीक असतात: हालचाल मंदावते, नजर एका जागी खिळते, खेळण्याकडे पाठ फिरते, डोळे चोळणं, जांभई. रडणं सगळ्यात शेवटी येतं, आणि तोवर थांबलात तर निजवायला दुप्पट वेळ लागणार हे धरून चाला.

एका झोपेतून उठल्यावर पुढच्या झोपेपर्यंत किती वेळ जागं राहणं झेपतं? नवजात बाळाला जेमतेम पाऊण ते एक तास, आणि त्यातच दूध, ढेकर, लंगोट बदलणं सगळं आलं. पाच महिन्यांच्या आसपास साधारण दोन तास. वर्षाच्या बाळाला तीन ते चार. हे आकडे अंदाजाचे आहेत. घड्याळ आणि बाळ यांचं जमत नसेल तर बाळाचं ऐका.

दिवसभरात मिळून किती झोप हवी, हे अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ मध्ये सांगितलंय: ४ ते १२ महिने १२ ते १६ तास, १ ते २ वर्षं ११ ते १४, ३ ते ५ वर्षं १० ते १३. यात दिवसाच्या झोपाही धरलेल्या आहेत, आणि नेमकं हेच लोक विसरतात. रात्री दहा तास झोपणाऱ्या दीड वर्षाच्या मुलाची दुपार काढून घेतली, तर हिशेब कमीच भरतो.

सल्ल्यात तथ्य अजिबात नाही असंही नाही. दोन वर्षांनंतर दुपारची झोप लांबली किंवा संध्याकाळपर्यंत रेंगाळली, तर रात्रीची झोप खरंच उशिरा लागते. तेव्हा झोप बंद करू नका, ती लवकर सुरू करा आणि साधारण साडेतीनपर्यंत उरका. बहुतेक मुलं दिवसातून एकाच झोपेवर १५ ते १८ महिन्यांच्या सुमारास येतात, आणि ती एकही आपोआप सुटते ती साधारण ३ ते ५ वर्षांत. घाई आपल्याला असते, त्यांना नसते.

आता रात्रीच्या उठण्याबद्दल. बाळाच्या झोपेचं एक आवर्तन पन्नास-साठ मिनिटांचं असतं, मोठ्यांचं नव्वदच्या आसपास. त्यामुळे त्याची झोप वारंवार उथळ होते. शिवाय नवजात बाळाची जवळजवळ निम्मी झोप 'सक्रिय' असते: कण्हणं, हातपाय झाडणं, पापण्या थरथरणं, अर्धवट रडणं. अशा वेळी लगेच उचललं की झोपलेलं बाळ आपणच जागं करतो. मिनिटभर थांबा, बघा. पुष्कळदा ते पुन्हा शांत होतं. लहान बाळ भुकेने उठतं तेव्हा मात्र पाजायलाच हवं, त्याला 'सवय' म्हणून हिणवू नये.

चार महिन्यांनंतर निराळी अडचण येते. खांद्यावर झोपलेलं बाळ अंथरुणात एकटं जागं झालं, की त्याला झोपताना होता तोच खांदा पुन्हा हवा असतो. म्हणून पेंगुळलेलं, पण पुरतं न झोपलेलं असतानाच खाली ठेवून बघा. पहिल्या दिवशी जमणार नाही. दिवसातून एकदाच, रात्रीच्या पहिल्या झोपेला, प्रयत्न करा. सगळ्या झोपा एकदम सुधारायला गेलात की घरात कुणीच झोपत नाही. निजवण्याआधी वीस-तीस मिनिटं रोज त्याच क्रमाने जाऊ द्यात: अंग पुसणं, कपडे, दूध, दात पुसणं, दिवे मंद, गाणं. दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नका, दात किडतात. स्क्रीन निदान तासभर आधी बंद.

आणि ज्यात तडजोड नाही ती गोष्ट: पहिलं वर्षभर प्रत्येक झोपेला बाळाला उताणंच ठेवा. अंथरूण सपाट आणि घट्ट, उशी नाही, सैल पांघरूण नाही, मऊ खेळणी नाहीत, डोक्यावर टोपी नाही. आईबाबांच्या खोलीत, पण वेगळ्या अंथरुणावर. सोफ्यावर बाळाला छातीशी घेऊन डुलकी काढणं सगळ्यात धोक्याचं. उताणं झोपवण्याची मोहीम अमेरिकेत १९९४ मध्ये सुरू झाली आणि काही वर्षांतच तान्ह्या बाळांच्या झोपेतल्या अचानक मृत्यूंचं प्रमाण निम्म्यावर आलं. घट्ट गुंडाळण्याची सवय असेल, तर बाळ कुशीवर वळायची चिन्हं दिसताच ती सोडा.

मूल बहुतेक रात्री घोरत असेल, श्वास मध्येच अडकत असेल, तोंड उघडं ठेवून झोपत असेल, तर 'गाढ झोप लागली' म्हणून कौतुक करू नका. नाकामागच्या गाठी किंवा टॉन्सिल सुजलेले असू शकतात. मोबाइलवर मिनिटभराचा व्हिडिओ काढा आणि तो बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तपासणीच्या खोलीत मूल काही घोरून दाखवत नाही.