मोंबळ्या टिरकावर का फुळकला?

मोंबळ्या संध्याकाळी टिरकावर फुळकला.

सांगा, टिरकावर कोण फुळकलं? मोंबळ्या. कधी? संध्याकाळी. शाब्बास, दोनपैकी दोन मार्क! मोंबळ्या माणूस की मांजर, फुळकणं बरं की वाईट, यातलं ओ की ठो कळलेलं नसताना. आपल्या पोरांचे 'उतारा वाचून उत्तरे लिहा' बरेचसे असेच सुटतात. प्रश्नातला शब्द उताऱ्यात हुडकायचा आणि ते वाक्य उचलून वहीत ठेवायचं.

माझी भाची दुसरीत आहे, इथेच ठाण्याला, नौपाड्यात राहते. शाळा इंग्रजी माध्यमाची, पण मराठीही खडाखडा वाचते, जोडाक्षराला अडत नाही. आम्ही सगळे त्यावर खूश होतो. मध्यंतरी मी एका पाठकोऱ्या कागदावर तिला एवढंच लिहून दिलं:

"आजोबांना चष्मा सापडेना. त्यांनी बंड्याला हाक मारली, 'जरा पेपर वाचून दाखव रे.' बंड्या त्यांना खेटून बसला. आजोबांच्या खिशातून चष्म्याची काडी डोकावत होती. बंड्याने ती पाहिली. मग त्याने पहिलं पान वाचलं, शेवटचं वाचलं, जाहिरातीसुद्धा वाचल्या."

विचारलं, आजोबांनी बंड्याला का बोलावलं? "चष्मा हरवला म्हणून." अगं, पण तो खिशातच होता ना? "मग विसरले असतील." कागद माझ्या हातात देऊन बाईसाहेब टीव्हीकडे पसार.

वाचन चोख होतं, फक्त गोष्ट तिच्यापर्यंत पोचली नव्हती. १९८६ मध्ये गॉफ आणि टनमर या दोघा संशोधकांनी याचं सोपं गणित मांडलं होतं: अक्षरं वाचता येणं गुणिले भाषा समजणं म्हणजे वाचून समजणं. यातला गुणाकार महत्त्वाचा. एका बाजूला शून्य असेल तर दुसरीकडे कितीही ओता, उत्तर शून्यच. आणि आपण सगळा जोर पहिल्या बाजूवर लावतो, कारण ती पाहुण्यांसमोर म्हणून दाखवता येते.

दुसरी बाजू भरायला माझ्या मते गोष्टीसारखं काही नाही. "त्यापेक्षा माहितीची पुस्तकं द्या" म्हणणारे आमच्या सोसायटीतही आहेत. द्या की! पण पाण्यावरचा धडा सगळं सांगून टाकतो, ते त्याचं कामच आहे. गोष्ट मात्र मुद्दाम गप्प बसते. आजोबा असं का वागले हे कुठेच लिहिलेलं नसतं, ते वाचणाऱ्याने दोन ओळींच्या फटीतून काढायचं असतं. तो व्यायाम धड्यात होत नाही.

माहितीवाल्यांचं एक मात्र खरं. १९८८ मध्ये अमेरिकेत रेक्ट आणि लेस्ली यांनी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचा उतारा वाचायला दिला. वाचनात कच्ची पण बेसबॉल कळणारी मुलं, वाचनात पक्की पण बेसबॉल न कळणाऱ्यांच्या पुढे गेली. आपल्याकडे क्रिकेटचा उतारा दिला तर हेच व्हावं. भाचीला एका गोष्टीतली 'पडवी' कळली नव्हती, कशी कळणार, सातव्या मजल्यावर राहते. तिथे अर्थ पाठ करून घेण्यात राम नाही. गावच्या घराचा फोटो दाखवला, काम झालं.

आणि कृपा करून तात्पर्य विचारू नका. गोष्ट म्हणजे शेवटच्या ओळीला गुंडाळलेला कागद असं पोराला वाटायला लागतं, मग ते कागद फाडून आतलं तेवढं घेतं. मी हल्ली प्रश्नच कमी विचारते. त्यापेक्षा स्वतः चुकीचं बोलते. "बंड्याला पेपर फार आवडत असणार, नाही?" एवढं म्हणून गप्प. मोठ्यांची चूक काढायची संधी कुठलं मूल सोडतं? आणि हे सगळं घरच्या भाषेत. एका भाषेत 'का' विचारायची सवय लागली की दुसऱ्या भाषेतलं पुस्तक उघडतानाही ती बरोबर येते. ज्या ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथ संग्रहालय चालू आहे, तिथे मराठी गोष्टी मिळत नाहीत ही सबब तरी चालायची नाही.

तर बंड्याचं राहिलंच. माझं ते पेपरवालं वाक्य ऐकून भाचीने नुसतं तोंड वाकडं केलं होतं. चार दिवसांनी आम्ही दोघी तलावपाळीवरून रिक्षाने येत होतो. सिग्नलला थांबलो. बाई बाहेर बघत होत्या, विषय चालला होता पाणीपुरीचा, आणि एकदम,

"मावशी! आजोबा विसरले नव्हतेच! त्यांना बंड्या जवळ बसायला हवा होता."

अस्सं?

"आणि बंड्याने तर चष्मा बघितला होता ना? म्हणून जाहिराती पण वाचल्या! दोघं पण चिटिंग करत होते!"

इतक्या जोरात ओरडली की रिक्षावाल्याने आरशातून मागे पाहिलं.