आपलेच दात, आपलेच ओठ

अडतिसाव्या वर्षी दातांना तारा लावून घ्यायची अवदसा मला आठवली. आई म्हणाली, "तेरा वर्षांची होतीस तेव्हा कानीकपाळी ओरडले, आता कुणाला दाखवायचेत?" मी काही बोलले नाही, कारण बोलायला तोंड हललं की गालाची आतली बाजू ब्रॅकेटवर, म्हणजे तार धरून ठेवायला दातांवर चिकटवलेल्या तुकड्यांवर, घासायची. दात-ओठ खाणे हा नुसता वाक्प्रचार आहे असं मला आजवर वाटायचं.

तिसऱ्या दिवशी तोंड आलं. सासूबाईंनी तूप लावायला दिलं, शेजारच्या काकू म्हणाल्या जाईचा पाला चाव, मी आज्ञाधारकपणे दोन्ही केलं आणि तो पाला तारेत असा काही अडकला की तासभर आरशासमोर उभी राहून दात कोरत होते. (दात कोरून पोट भरत नाही, तेही पटलं.) मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्यांनी जरा बरं वाटलं, पण दुखणं तिथेच, कारण टोचणारी वस्तू तिथेच!

शेवटी भाचा धावून आला. वय चौदा, तारांचा अनुभव दीड वर्ष, म्हणजे माझा सीनियरच. "मावशी, मेण नाही दिलं का डॉक्टरांनी?" दिलं होतं की, प्लास्टिकची इवलीशी डबी, आत पांढऱ्या कांड्या, मी ती सॅम्पल समजून ड्रॉवरमध्ये टाकली होती. मग क्लास सुरू झाला. मटाराच्या दाण्यापेक्षा लहान तुकडा घ्यायचा, बोटांत मळून मऊ करायचा, गोळी करायची, टोचणाऱ्या ब्रॅकेटवर दाबून बसवायची, आणि मुख्य म्हणजे ब्रॅकेट आधी टिश्यूने कोरडं करायचं, ओल्यावर चिकटतच नाही. आता बोट तोंडात घातलं की लाळेचा नळ सुटतो, तो बंद कसा करायचा हे काही त्याने सांगितलं नाही. पाचव्या प्रयत्नात चिकटलं आणि खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं, तीन दिवसांत पहिल्यांदा ओठ ओठासारखा वाटला.

जेवताना काढायचं असतं हे मात्र मी विसरले, वरणभाताबरोबर गोळी गेली पोटात. घाबरून भाच्याला फोन केला तर म्हणतो, "काही होत नाही गं, मी आत्तापर्यंत अख्खी डबी खाल्ली असेन." त्या वरणातल्या हळदीने ब्रॅकेटवरचे पारदर्शक रबर पिवळेधमक झाले ते वेगळंच, आता पुढच्या महिन्यात तारा आवळायला जाईन तेव्हाच बदलणार.

परवा ऑफिसात मीटिंगच्या आधी मागची तार टोचायला लागली. वॉशरूमला रांग, म्हणून जिन्यात गेले, पर्समधून डबी काढली, तळहातावर तुकडा घेऊन अंगठ्याने नीट मळला, गोळी केली, इकडेतिकडे बघून गालात सरकवली आणि वळले तर मागे सिक्युरिटीचे काका उभे. मी काही बोलणार तेवढ्यात तेच जवळ आले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, चुना पाहिजे का?"