‘सर्किट केलं की लेबल आपोआप’: रेव्हिटबद्दलचा एक गोड गैरसमज

इमारतींचं इलेक्ट्रिकल ड्राफ्टिंग करणाऱ्यांमध्ये एक सल्ला हमखास पुढे पाठवला जातो. मथितार्थ असा: रेव्हिटमध्ये (इमारतीचं त्रिमितीय मॉडेल बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) फिटिंग (दिवा, सॉकेट वगैरे) निवडा, पॉवर सर्किट करा, पॅनेल (ब्रेकरचा बोर्ड) जोडा. नंबर, नाव, टॅग (ड्रॉइंगवर फिटिंगशेजारी दिसणारं लेबल), पॅनेल शेड्यूल (बोर्डावरच्या सर्किटांची यादी) सगळं सॉफ्टवेअर बघून घेतं. सर्किट लेबल करण्याची कटकट ऑटोकॅडबरोबर, म्हणजे रेघा आणि मजकूर हाताने टाकायच्या सॉफ्टवेअरबरोबर, गेली.

यातलं जे खरं आहे ते आधी मान्य करून टाकतो. रेव्हिटमधला टॅग म्हणजे नुसता लिहिलेला मजकूर नसतो. फिटिंगच्या आत असलेलं पॅनेलचं नाव आणि सर्किट नंबर तो वाचून दाखवतो. सर्किट दुसऱ्या डीबीवर (डिस्ट्रिब्युशन बोर्डवर, म्हणजेच पॅनेलवर) नेलं की जिथे जिथे टॅग आहे तिथे तिथे तो बदलतो. टेक्स्ट शोधून शोधून हाताने खोडणाऱ्यांना हे सुख काय असतं ते विचारा. पण इथून पुढे सल्ला घसरतो.

‘नंबर आपोआप येतो.’ येतो, पण कुणाच्या पद्धतीने? अमेरिकन पॅनेलमध्ये डावीकडे 1, 3, 5 आणि उजवीकडे 2, 4, 6 अशी मांडणी असते. 1 आणि 2 एका फेजवर (पुरवठ्याच्या तीन जिवंत तारांपैकी एकीवर), 3 आणि 4 दुसऱ्या, 5 आणि 6 तिसऱ्या. तीन पोलचा (तिन्ही फेज एकत्र तोडणारा) ब्रेकर 1, 3, 5 अशा तीन जागा खातो. आपल्याकडचा टीपीएन (तीन फेज आणि न्यूट्रलचा) डीबी वेगळ्या हिशेबाने चालतो. 8 वेचा (प्रत्येक फेजवर 8 जागांचा) बोर्ड म्हणजे सिंगल पोलचे 24 आउटगोइंग, आणि वायरमन त्यांना फेजच्या लाल, पिवळ्या, निळ्या रंगांवरून आर 1, वाय 1, बी 1 असं ओळखतो. अमेरिकन टेम्प्लेट उघडून भारतातल्या इमारतीचं काम सुरू केलं तर रेव्हिट इमानदारीने 17 आणि 19 नंबर देत बसेल. साइटवर ते नंबर कुणाच्याच कामाचे नाहीत.

याला उपाय आहे, पण तो माणसाने करायचा आहे. इलेक्ट्रिकल सेटिंग्जमध्ये तिन्ही फेजची लेबलं ए, बी, सीऐवजी आर, वाय, बी करता येतात. पॅनेलच्या प्रॉपर्टीमध्ये सर्किट नेमिंग फेजनुसार ठेवता येतं. पॅनेलच्या फॅमिलीत (रेव्हिटमधल्या त्या वस्तूच्या तयार साच्यात) दोन रकाने की एक, नंबर आडवे जाणार की उभे, हेही ठरवावं लागतं. ही सगळी कामं पहिलं सर्किट करण्याआधीची. पुण्यात बसून अमेरिकेतले प्रकल्प करणाऱ्यांना याची उलटी बाजू माहीत असेलच: तिथल्या कामात आपल्या सवयीचा आरवायबी घुसवला तर पहिल्याच तपासणीत ड्रॉइंग परत येणार.

‘एकदा आलेला नंबर कायम.’ हा सगळ्यांत महागात पडणारा भाग. रेव्हिटमधला नंबर म्हणजे सर्किटची पॅनेलमधली जागा. शेड्यूलमध्ये सर्किट वरखाली सरकवलं की नंबर बदलला. फेजवरचा भार समतोल करायला कुणी रिबॅलन्स लोड्स दाबलं, तर एका क्लिकमध्ये अर्धा बोर्ड नव्याने लागू शकतो. मॉडेलमधले टॅग लगेच जुळतात, त्यामुळे ऑफिसात कुणाच्या लक्षातही येत नाही. साइटवर गेलेली प्रिंट आणि एमसीबीखाली (छोट्या ब्रेकरखाली) चिकटवलेली पट्टी मात्र जुनीच राहते. मग कुणीतरी पट्टीवर विश्वास ठेवून एमसीबी पाडतो आणि हात घालतो तो चालू वायरीत. ड्रॉइंग साइटवर गेल्यानंतर रिबॅलन्स दाबणाऱ्याला निदान जाब तरी विचारला पाहिजे. शेड्यूलमध्ये सर्किट त्या जागी लॉक करायची सोय आहे, लॉक केलेलं सर्किट हलत नाही. ती वापरणारे मला फार थोडे भेटतात.

‘नावही तेच लिहितं.’ लिहितं खरं. भाराचा प्रकार आणि ती फिटिंग ज्या स्पेसमध्ये (मॉडेलमध्ये खोलीसाठी आखलेल्या जागेत) आहे तिचं नाव-नंबर जोडून लोड नेम, म्हणजे सर्किटचं नाव, तयार होतं. आता स्पेस टाकलेल्याच नसतील तर? किंवा आर्किटेक्टने खोलीला नुसतं ‘खोली’ म्हणून सोडलं असेल तर? शेड्यूलमध्ये एकाखाली एक सात ओळी ‘लायटिंग’ दिसतात. अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमधलं कलम 408.4 नेमकं हेच अडवतं. प्रत्येक सर्किटचं वर्णन स्पष्ट हवं, बाकीच्यांपासून वेगळं ओळखू येईल इतकं तपशीलवार हवं, आणि तिथे आज कोण बसतं यावर ते अवलंबून नसावं. म्हणजे ‘साहेबांची केबिन’ चालणार नाही, साहेब बदलतात. रिकाम्या ठेवलेल्या ब्रेकरचीही नोंद हवी. पूर्व भिंतीवरचे सॉकेट, जिन्यातले दिवे, गच्चीवरचा पंप असं नाव सॉफ्टवेअरला सुचणार नाही, कारण त्याला भिंत दिसते पण माणूस तिला काय म्हणतो ते कळत नाही. आणि हाताने लिहिलेलं नाव तसंच राहतं. नंतर खोली बदलली तर तेही आपणच दुरुस्त करायचं.

‘वायर काढली म्हणजे सर्किट झालं’ असंही त्या सल्ल्याला चिकटून येतं. साफ चूक. रेव्हिटमधली वायर त्या व्ह्यूपुरती (त्या एका ड्रॉइंगपुरती) दिसणारी रेघ आहे. ती पुसली तरी सर्किट शाबूत राहतं, आणि नुसती सुंदर रेघ ओढून बाण डीबीकडे वळवला म्हणून फिटिंगला पॅनेल मिळत नाही.

टॅगमध्ये नंबराऐवजी प्रश्नचिन्ह दिसलं तर टॅगची फॅमिली दोषी धरायची घाई करू नका. बहुतेक वेळा ती फिटिंग सर्किटमध्येच नसते. सिस्टिम ब्राउझरमध्ये ‘अनअसाइन्ड’खाली काय लटकतंय ते बघा, चेक सर्किट्स चालवा, पॅनेलला डिस्ट्रिब्युशन सिस्टिम (व्होल्टेज आणि फेजची मांडणी) दिली आहे का आणि फिटिंगचं व्होल्टेज तिच्याशी जुळतं का ते पाहा. 120 व्होल्टची आयात केलेली फॅमिली 230 च्या डीबीला जोडायला गेलात तर तो डीबी यादीतच दिसत नाही, आणि लोक पॅनेल सापडत नाही म्हणून तासभर माउसला दोष देत बसतात.