पाकिटात ड्रिलं कोंबून पाठवणं आता बंद करा!

टपाल उशिरा येतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. राखीपौर्णिमा आणि दिवाळीच्या आधी तर कशाचाच भरवसा नसतो, आणि ट्रॅकिंगवर तीच एक ओळ दिवसेंदिवस हलत नाही. त्याचा संताप येतोच. पण एवढी वाट पाहून शेवटी हातात काय पडतं? कोपऱ्याला भोक पडलेलं पाकीट, आत गंज चढलेली, टोकं उडालेली ड्रिलं (यंत्रात लावायची भोकं पाडणारी पाती), आणि ज्या बारीक मापांसाठी सगळा खटाटोप केला तीच नेमकी वाटेत गळालेली. याला टपाल काय करणार? हा पाठवणाऱ्याचा आळस आहे, आणि तो आता सहन होत नाही.

घरी लेथ किंवा बेंच ड्रिल (टेबलावरचं भोक पाडायचं यंत्र) चालवणाऱ्यांमध्ये जुन्या ड्रिलांची ही टपाली देवाणघेवाण का चालते, ते एकदा लक्षात घ्या. चिंचवड-भोसरीच्या किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपमधून निघालेली ड्रिलं भंगारात किलोवर मिळतात. त्या ढिगात एकाच मापाची पंचवीस सापडतात आणि हवं ते एकही नसतं. बाजारात अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरच्या पायरीने जी पेटी मिळते, तिच्यात ३.३, ४.२ आणि ६.८ सहसा नसतात. म्हणजे एम ४, एम ५ आणि एम ८ चे (४, ५ आणि ८ मिलिमीटरच्या स्क्रूचे) आटे पाडायचे तर पेटीचा काही उपयोग नाही. एकाकडे ८.५ चा ढीग, दुसऱ्याकडे ४.२ चा. वाटून घेणं हाच शहाणपणा. मग इतक्या कामाच्या वस्तूची वाटेत माती का करता?

दहा मिलिमीटरचं साधं एचएसएस (हाय-स्पीड स्टीलचं) ड्रिल १३३ मिलिमीटर लांब असतं आणि साध्या पोलादापेक्षा किंचित जडच भरतं. अशी पंधरा-वीस रबरबँडने बांधून कागदी पाकिटात टाकलीत की ते पाकीट एक किलोचा हातोडा होतो. एका गाडीतून दुसऱ्या गाडीत फेकलं गेलं की टोकं कागद फाडून बाहेर येतात, आणि आतल्या धारा एकमेकींवर आपटतात. एचएसएस कडक असतं, म्हणूनच धारेचा टवका उडतो. दोनपैकी एकाच धारेला टवका असला तर कापायचं सगळं काम दुसरी करते, ड्रिल बाजूला ओढलं जातं आणि भोक मोठं पडतं. कोबाल्टची, म्हणजे एम ३५ आणि एम ४२ या जातींच्या पोलादाची ड्रिलं याहून ठिसूळ. सॉलिड कार्बाइडच्या, म्हणजे सगळ्यात कडक आणि ठिसूळ ड्रिलाला तर एक आपट पुरते.

नीट पॅकिंगला खर्च किती येतो? जवळजवळ शून्य. वायरिंगचा २५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. बारा मिलिमीटरचं ड्रिल १५१ लांब असतं, तेव्हा १७० चा तुकडा कापलात की तिथपर्यंतची सगळी मापं बसतात. प्रत्येक ड्रिलच्या टोकावर जुन्या वायरचं सोललेलं आवरण चढवा. तीन मिलिमीटरच्या आतली ड्रिलं जाड पुठ्ठ्याच्या नळ्यांमध्ये एकेक सरकवा आणि दोन्ही तोंडं चिकटपट्टीने बंद करा. पट्टी पुठ्ठ्याला लावा, ड्रिलला लावू नका! तो डिंक फ्लूटमध्ये, म्हणजे ड्रिलच्या पिळदार खाचेत, बसला की केरोसीन आणि ब्रश घेऊन बसावं लागतं. पाइपच्या दोन्ही तोंडांना सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा, मधल्या पोकळीत चिंध्या, वर टोपण. मग कानाशी धरून हलवा. खडखड ऐकू आली तर अजून चिंध्या भरा. आणि नुसता गोल पाइप पाठवू नका, तो घरंगळतो. चपट्या खोक्यात घाला.

आता गंज. वर्कशॉपमधलं ड्रिल दुधी कूलंटमध्ये (कापताना सोडतात त्या तेल-पाण्यात) न्हालेलं असतं. ते तसंच वर्तमानपत्रात गुंडाळलं की कागद ओल धरतो आणि पावसाळ्यात, त्यातून पार्सल कोकणात जाणार असेल तर, फ्लूटमध्ये लाल थर येतो. मार्जिनवर, म्हणजे फ्लूटच्या कडेच्या अरुंद पट्टीवर, खड्डे पडले की ड्रिल भोकात घासायला लागतं. तेव्हा आधी केरोसीनने धुवा, पूर्ण वाळवा, मग तेल लावा. शिवणयंत्राचं पातळ तेल ओघळून जातं. लेथच्या बेडला लावतो ते ६८ ग्रेडचं स्लाइडवे तेल घ्या, फडक्याने जादाचं पुसा आणि झिपच्या पिशवीत बंद करा. तेल लावल्यावर घामट बोटांनी पुन्हा चाळत बसू नका. तेल बाहेर पाझरलेलं पार्सल काउंटरवरूनच परत येऊ शकतं, म्हणून पिशव्या दोन.

सगळ्यात जास्त चीड कशाची येत असेल तर ती मापाची. 'मिक्स साइझ, चांगल्या कंडिशनमध्ये', एवढंच लिहून पाठवतात. अहो, वर्नियर लावायला किती वेळ लागतो? आणि लावायचा तर टोकाशी, दोन्ही मार्जिनवर लावा. ड्रिल शँककडे (मागच्या दांड्याकडे) किंचित बारीक होत जातं, त्यामुळे मागे मोजलंत तर कमीच भरणार. पाच-बत्तीसांश इंची ड्रिल ३.९७ भरतं. त्याला चार म्हणून पाठवलंत तर चार मिलिमीटरची डॉवेल पिन (दोन भाग जागेवर धरणारी खुंटी) त्या भोकात जाणार कशी? पाव इंचीचं ६.३५, सात नंबरचं (काही इंची ड्रिलं नंबरानेच ओळखतात) ५.११. इंची ड्रिल वाईट नाही, पाव इंची, इंचाला वीस आट्यांच्या टॅपला (आटे पाडायच्या हत्याराला) तेच सात नंबर लागतं. पण चिठ्ठीवर लिहा! समोरासमोर असतो तर चूक पाच मिनिटांत कळली असती. टपालाने तिला परत जाऊन दुरुस्त होऊन यायला महिना लागतो.

त्यात कार्बन स्टीलची ड्रिलं एचएसएस म्हणून खपवणारे आहेतच. ग्राइंडरला हलकं टेकवून ठिणगी बघा: कार्बन स्टीलची पिवळी-पांढरी, भरपूर फुलणारी. एचएसएसची मंद, लालसर, फारशी न फुलणारी. आणि उलट, निळं पडलेलं एचएसएस 'जळालं' म्हणून फेकणारेही तितकेच. निळा रंग साधारण ३०० अंशांना येतो, एचएसएसचं टेंपरिंगच (कडक केल्यावर पुन्हा तापवणं) ५५० च्या आसपास होतं. निळं एचएसएस धार लावून वापरता येतं, निळं कार्बन स्टील गेलं. टेपर शँकवाली (निमुळत्या दांड्याची) पाठवताना टँग, म्हणजे दांड्याच्या शेवटची चपटी जीभ, तुटलेला नाही ना आणि टेपरवर ठोकर नाही ना, हेही बघा. टेपरवर एक उंचवटा असला तरी ड्रिल स्लीव्हमध्ये (दांडा बसतो त्या नळीत) डुगडुगतं.

पत्त्याबद्दलही हीच बेफिकिरी. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आहे, तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्याच मातीतले, आणि आपल्याला सहा आकडे धड लिहिता येऊ नयेत? कोल्हापूरचा ४१६ लिहिताना दोन आकडे उलटे झाले की ४६१ होतो, आणि पार्सल मध्य प्रदेशात इटारसी-नर्मदापुरमच्या (पूर्वीच्या होशंगाबादच्या) दिशेने निघतं. मग म्हणायचं टपाल हळू आहे! दोन्ही पत्ते आणि फोन नंबर लिहिलेली एक चिठ्ठी आतही टाका, वरचं लेबल फाटलं तर तेवढाच आधार.

फिरत्या डब्याचं, म्हणजे टपालाने एकाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या ड्रिलच्या डब्याचं, तर काय सांगावं. डबा आला, हवं ते घ्यायचं, तोलामोलाचं काही टाकायचं, यादी बदलायची आणि तीन दिवसांत पुढे पाठवायचा, इतका साधा नियम. टपालाला दर टप्प्याला आठवडा धरला तरी सहा जणांमध्ये दीड महिना जातोच. त्यात एकेकजण डबा पंधरा-पंधरा दिवस माळ्यावर ठेवतो, चांगली ६.८ काढून घेतो आणि बोथट १० टाकतो. तेही पुन्हा पुन्हा घासून आखूड झालेलं, ज्याचं वेब (फ्लूटच्या मधला गाभा) इतकं जाड झालंय की ते कापत नाही, नुसतं दाबतं.

आणि मिळाल्याचं कळवतसुद्धा नाहीत! पाठवणारा तिकडे तेरा अक्षरी नंबर टाकून ट्रॅकिंग बघत बसतो. पार्सल मिळालं की त्याच दिवशी कळवा. उघडण्याआधी चारही बाजूंचे फोटो काढा, वजन करा, पावतीवरच्या वजनाशी ताडा, आणि कमी भरलं तर पाकीट फेकून न देता भोक कुठून पडलं ते पाठवणाऱ्याला दाखवा.